मांगाच्या वाचकाला रुचणाऱ्या अमेरिकन चित्रकथा

पुस्तक मलपृष्ठाच्या बाजूनें उघडावयाचें आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचीत जावयाचें, ही जपानी चित्रकथेची रीत आतां इंग्रजी वाचणाऱ्या तरुण पिढीच्या चांगलीच अंगवळणीं पडली आहे. जपानी लोक आपल्या चित्रकथेला मांगा म्हणतात. अमेरिकेंत तिचीं भाषांतरें प्रथम निघालीं तेव्हां पानें बहुधा आरशांतल्याप्रमाणें उलटवून छापीत. त्यामुळें वाचकाची सोय होई खरी, परंतु कथेंतील झाडून सारे सामुराई डावखुरे होत. २००२ सालीं टोकियोपॉप या प्रकाशनसंस्थेनें मूळ जपानी दिशेनेंच पुस्तकें छापण्याचा उपक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू केला, आणि आश्चर्य असें कीं वाचकांनीं कुरकुर केली नाहीं. उलट त्यांना तेंच अधिक अस्सल वाटलें. हा वाचकवर्गच निराळा होता. चित्रकथेच्या जुन्या दुकानांत ज्यांनीं कधीं पाऊल टाकलें नव्हतें अशा मुली त्यांत पुष्कळ होत्या.

हातांतले जपानी खंड संपले कीं असा वाचक साहजिकच खुद्द अमेरिकन चित्रकथेकडे वळतो, आणि तेथें त्याची बहुधा निराशा होते. दुकानांत बॅटमॅनचीं पन्नास पुस्तकें ओळीनें मांडलेलीं असतात. त्यांतलें पहिलें कोणतें, याचें सरळ उत्तर दुकानदारालाहि देतां येत नाहीं. स्पायडरमॅन १९६२ सालापासून चालला आहे. त्याची कथा आज एकानें लिहावी, उद्यां दुसऱ्यानें; चित्रकार मध्येंच बदलावा; एका मासिकांत सुरू झालेल्या भांडणाचा निकाल दुसऱ्याच नायकाच्या मासिकांत लागावा; मेलेला माणूस दोन वर्षांनीं परत यावा आणि त्याचें कोणाला फारसें नवल वाटूं नये, असा तेथील संसार आहे. जपानी कथेच्या खंडांवर एक, दोन, तीन असे आंकडे असतात आणि प्रत्येक खंडावर तेंच कर्त्याचें नांव असतें. अकिरा तोरियामा यांची मूळ ‘ड्रॅगन बॉल’ १९८४ सालीं सुरू झाली, ती १९९५ सालीं संपली. वाचक पहिल्या पानावर बसतो आणि शेवटच्या पानावर उतरतो. या संवयीचा माणूस बॅटमॅनपाशीं गोंधळला तर दोष त्याचा नव्हे.

या निराशेचीं कारणें सांगतांना लोक वरवरच्या गोष्टींकडे बोट दाखवितात. जपानी पुस्तक काळें-पांढरें, अमेरिकन रंगीत. जपानी पात्रांचे डोळे मोठे. अमेरिकन नायकांचे पोशाख अंगाला चिकटलेले, वगैरे. या भेदांना कांहीं अर्थ नाहीं असें नाहीं. परंतु मोठ्या डोळ्यांचीं पात्रें काढून मांगाची नक्कल करणारीं अमेरिकन पुस्तकें पुष्कळ निघालीं, आणि त्यांतलीं बहुतेक मागें पडलीं. खरा भेद निराळाच आहे, आणि तो कथा कोणाच्या मालकीची या प्रश्नाशीं जाऊन भिडतो.

१९३८ सालीं ओहायो प्रांतांतील क्लीव्हलंड शहरच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनीं सुपरमॅन हें पात्र एका प्रकाशनसंस्थेला विकलें. किंमत ठरली १३० डॉलर. त्या एका पावतीबरोबर पात्र, त्याचें नांव, त्याचा भूतकाळ आणि त्याचा सारा भविष्यकाळ कंपनीच्या मालकीचा झाला. पुढें कंपनीनें त्यावर अमाप पैसा मिळविला. सीगल आणि शूस्टर मात्र वृद्धापकाळीं ओढगस्तींत सांपडले. १९७५ च्या डिसेंबरांत, सुपरमॅनचा मोठा बोलपट निघण्याच्या बेतांत असतां, वर्तमानपत्रांतून ओरड झाली, तेव्हां कोठें दोघांना दरसाल वीस वीस हजार डॉलर तैनात आणि कर्ते म्हणून नांव छापण्याचा मान मिळाला. हा प्रसंग हळहळ वाटण्याजोगा आहेच. पण वाचकाच्या दृष्टीनें त्याचा दुसराहि एक परिणाम आहे. ज्या पात्राचा मालक कंपनी, त्या पात्राला मरतां येत नाहीं, म्हातारें होतां येत नाहीं आणि त्याची कथाहि संपवितां येत नाहीं. दुभती गाय कोणी शेवटच्या पानावर निजवीत नाहीं. मग लेखक बदलतात, चित्रकार बदलतात, आणि कथा नुसती चालू राहते.

मराठी घरांतील वडील मंडळींना अमेरिकन चित्रकथा ठाऊक झाली ती प्रायः वेताळ आणि मँड्रेक यांच्या रूपानें. १९६४ सालापासून मुंबईहून निघणाऱ्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’नें लाल पट्ट्यांत न मावणाऱ्या ह्या परक्या वीरांना मराठींतहि बोलावयास लाविलें. ते दोघेहि ली फॉक यांचे मानसपुत्र, आणि मूळचे वर्तमानपत्रांतील. वेताळ अमर कसा, याची फॉक यांनीं मोठी युक्तीची तोड काढली होती: बापामागून मुलगा तोच मुखवटा घालतो, आणि जंगलांतील लोकांना तो एकच पुरुष वाटतो. न संपणाऱ्या कथेला इतकें सरळ कारण फार थोड्यांनीं दिलें.

अमेरिकन चित्रकथेची दुसरी अडचण १९५४ सालीं उत्पन्न झाली. फ्रेडरिक वर्थम या मानसवैद्यानें चित्रकथांनीं मुलें बिघडतात असा आरोप करणारें पुस्तक लिहिलें. सीनेटच्या एका उपसमितीपुढें सुनावण्या झाल्या. आणि घाबरलेल्या प्रकाशकांनीं स्वतःच एक नियमावली करून आपल्या पायांत बेडी ठोकून घेतली. पोलीस, न्यायाधीश आणि सरकारी अंमलदार यांच्याविषयीं अनादर वाटेल असें कांहीं दाखवावयाचें नाहीं. प्रत्येक प्रसंगीं सज्जनाचा जय झालाच पाहिजे. ‘भय’ हा शब्द मथळ्यांत येतां कामा नये. अशा नियमांखालीं गुन्हेगारीच्या आणि भयानक रसाच्या कथा तर गेल्याच, पण प्रौढ माणसानें वाचावें असें जें थोडेंबहुत रुजूं पाहत होतें, तेंहि करपलें. कालांतरानें मैदानांत मुख्यतः उरले ते मुखवट्याचे वीर. ही नियमावली पुढें सैल होत गेली आणि २०११ सालीं शेवटच्या प्रकाशकांनीं ती सोडून दिली. परंतु मधल्या काळांत दोन पिढ्या गेल्या.

जपानांत नेमक्या याच वर्षांत उलट घडत होतें. ओसामु तेझुका यांनीं १९४७ सालीं ‘नवें रत्नद्वीप’ काढून लांब पल्ल्याच्या चित्रकथेला चालना दिली. १९५७ सालीं योशिहिरो तात्सुमी यांनीं प्रौढांसाठीं लिहिलेल्या गंभीर चित्रकथेला ‘गेकिगा’ असें स्वतंत्र नांव दिलें. १९५९ पासून मुलांचीं चित्रकथांचीं साप्ताहिकें निघूं लागलीं. मुलींचीं वेगळीं, कामगारांचीं वेगळीं, गृहिणींचीं वेगळीं अशीं नियतकालिकें झालीं. स्वयंपाक, बुद्धिबळासारखे खेळ, कचेरींतील हेवेदावे, प्रेमभंग, युद्ध, कांहींहि वर्ज्य राहिलें नाहीं. पानें मुबलक असल्यामुळें कर्त्याला घाई नव्हती. अमेरिकन मासिकांत कथेला वीस-बावीस पानें मिळत, तेवढ्यांत आरंभ, मारामारी आणि पुढच्या अंकाची हुरहुर हें सारें बसवावें लागे. जपानी कर्ता एक वार पडावयाच्या आधींचा क्षण चार पानें ताणूं शकतो: गवताचें पातें, घामाचा थेंब, ढग, मग पाऊल.

स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकारानें १९९३ सालीं चित्रकथेचें शास्त्र सांगणारें एक पुस्तक चित्रकथेच्याच रूपानें लिहिलें. त्यानें एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर वाचकाचें मन कसें उडी घेतें याचे सहा प्रकार पाडून अमेरिकन आणि जपानी पुस्तकांतून ते मोजले. अमेरिकन पानांवर एका कृतीवरून दुसऱ्या कृतीवर जाणारी उडी सर्वांत अधिक आढळली. जपानी पानांवर मात्र काळ जागच्या जागीं उभा राहून दृष्टि नुसती खोलीभर फिरते, असा प्रकारहि वारंवार दिसला. मांगा वाचणाऱ्याला जी विश्रांति भेटते आणि अमेरिकन अंकांत जी चुकल्यासारखी वाटते, ती हीच.

म्हणून जपान हा चित्रकथाकारांचा स्वर्ग, असें मात्र कोणी समजूं नये. दर आठवड्याला वीसएक पानें काढण्याच्या कामानें तेथील माणसें पिळून निघतात. ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकाचा खप १९९४ च्या अखेरीस ६५ लाखांवर गेला होता. परंतु त्याच साप्ताहिकांत वाचकांच्या पत्रमतांवरून न चालणारी कथा बिनदिक्कत बंद करतात. केंतारो मिउरा २०२१ सालीं चौपन्नाव्या वर्षीं वारले आणि ‘बर्सर्क’ ही त्यांची १९८९ पासून चाललेली कथा अपुरी राहिली. पुढें त्यांचा मित्र आणि सहायक मंडळी यांनीं ती हातीं घेतली, तेव्हां ती नेमकी कोणाच्या आठवणीवरून लिहिली जाणार हें प्रथम वाचकांना जाहीरपणें सांगावें लागलें. कंपनीच्या वीराच्या बाबतींत असा खुलासा कोणी मागितला नसता.

तेव्हां मांगाच्या वाचकानें अमेरिकेंत शोधावें तें हें: एका हाताची, किंवा आरंभापासून शेवटपर्यंत न बदललेल्या दोन हातांची, कर्त्याच्या मालकीची, आणि संपणारी किंवा निदान संपूं शकणारी कथा. अशा कथा अमेरिकेंत आहेत. फक्त त्या दुकानाच्या दर्शनी भागांत सहसा नसतात.

यांतली एक धारा सरळ जपानांतून आलेली आहे. काझुओ कोइके यांनीं लिहिलेली आणि गोसेकी कोजिमा यांनीं चितारलेली, तान्ह्या मुलाला गाड्यांत घालून हिंडणाऱ्या मारेकऱ्याची कथा १९७० ते १९७६ या काळांत जपानांत प्रसिद्ध झाली. फ्रँक मिलर या तरुण अमेरिकन चित्रकारावर तिचा फार परिणाम झाला. १९८३-८४ मध्यें त्यानें ‘रोनिन’ नांवाची सहा भागांची कथा काढली. तींत शब्दावांचून सरकणारीं पानेंच्या पानें आहेत, आणि अमेरिकन वाचक त्या वेळीं त्यांनीं गोंधळून गेला. पुढें १९८७ पासून मूळ जपानी कथा इंग्रजींत येऊं लागली, तेव्हां पहिल्या अंकांचीं मुखपृष्ठें मिलरनेंच काढलीं. ऋण फेडण्याची ही रीत शोभणारी होती. ‘रोनिन’ मात्र मुलांच्या हातीं देण्याजोगी नव्हे.

त्याहून अधिक आपुलकीनें वाचावी अशी कथा स्टॅन साकाई यांची. साकाई १९५३ सालीं क्योतोला जन्मले आणि हवाई बेटांत वाढले. सर्जिओ आरागोनेस यांच्या विनोदी कथांच्या फुग्यांतील अक्षरें लिहिण्याचें काम ते करीत. मियामोतो मुसाशी या सतराव्या शतकांतील प्रसिद्ध तरवारबहाद्दराच्या जीवनावर आधारलेली कथा करावी असें त्यांच्या मनांत होतें. एकदां रेखाटनें करतांना त्यांनीं एक ससा काढला आणि त्याचे कान सामुराईच्या शेंडीप्रमाणें डोक्यावर बांधले. तें रूप त्यांना सोडवेना. १९८४ सालीं ‘उसागी योजिंबो’ या कथेचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. ससा हाच नायक. भोंवतालीं मांजरें, गेंडे, वटवाघळें, सारीं प्राण्यांच्या तोंडाचीं माणसें. आणि काळ सतराव्या शतकाच्या आरंभींचा.

ही पोरकट गोष्ट असावी असें वरून वाटतें, आणि येथेंच वाचक फसतो. साकाई यांची धाटणी शांत आहे. तरवार कशी घडते, पतंग कसा बांधतात, सणांत काय करतात, हें ते पानेंच्या पानें दाखवितात, आणि मग त्याच वस्तूवर कथेचा कांटा फिरवितात. मारामारींत रक्त सांडत नाहीं. मेलेल्याच्या तोंडून एक लहानशी कवटी फुग्याप्रमाणें बाहेर पडते, एवढेंच. पण मेलेला माणूस मेलेला राहतो, आणि त्याची आई पुढच्या गांवीं भेटते. प्राचीन राजखड्गाभोंवतीं गुंफलेल्या ‘ग्रासकटर’ या दीर्घ प्रकरणाला १९९९ सालीं आयझनर पारितोषिक मिळालें. लेखन, रेखाटन, शाई, एवढेंच काय, फुग्यांतील अक्षरेंहि साकाई यांचींच असतात, आणि ससा त्यांच्याच मालकीचा आहे. मूल गाड्यांतून नेणाऱ्या त्या जपानी मारेकऱ्याचीहि या कथेंत भेट होते. फक्त तो येथें बोकड आहे.

दुसरी मोठी कथा ‘बोन’. जेफ स्मिथ यांनीं १९९१ सालीं ती ओहायो प्रांतांतच, कोलंबस शहरीं, स्वतःच्या पैशानें छापण्यास आरंभ केला. ज्या प्रांतांतून सुपरमॅन १३० डॉलरांना गेला, त्याच प्रांतांत त्रेपन्न वर्षांनीं एका चित्रकारानें आपल्या पात्रांचा एक केंसहि कोणाला विकला नाहीं. प्रकाशनाचा सारा व्यवहार त्यांची पत्नी विजया अय्यर यांनीं संभाळला. पंचावन्न अंकांत, तेरा वर्षांनीं, २००४ सालीं कथा संपली.

‘बोन’वर जपानची छाया मुळींच शोधूं नये. स्मिथ यांचे गुरु म्हणजे डिस्नेच्या बदकांच्या कथा काढणारे कार्ल बार्क्स आणि ‘पोगो’चे कर्ते वॉल्ट केली. तरीहि मांगाचे वाचक तिच्यांत सहज रमतात, आणि हेंच तर लक्षांत घेण्याजोगें आहे. तेझुका हेहि डिस्नेचे निस्सीम भक्त होते. तेव्हां दोन्ही घराण्यांचा आजा एकच निघतो. गोलमटोल, पांढरे, नाकाळू असे तीन चुलतभाऊ गांवांतून हांकलले जातात आणि एका अनोळखी दरींत येऊन पडतात, येथून कथा सुरू होते. आरंभींचे कित्येक भाग निव्वळ थट्टेचे. त्या दरींत हिवाळा येतो तो सुद्धां हळूहळू नव्हे: सारें बर्फ एकदम एका ढिगानें धप्पकन् कोसळतें, आणि पुढच्या चौकटींत कोणी कांहीं बोलत नाहीं. ही न बोललेली चौकट ज्याला समजली त्याला स्मिथ यांचें कसब समजलें. मग थट्टेखालून हळूच एक जुनें युद्ध, एक राजकन्या आणि तिच्या आजीनें दडवून ठेवलेलें एक सत्य वर येऊं लागतें. वाचक हंसतां हंसतां केव्हां गंभीर झाला हें त्याला कळत नाहीं.

त्यांच्याहि आधीं, १९७८ सालीं, वेंडी आणि रिचर्ड पिनी या दांपत्यानें ‘एल्फक्वेस्ट’ स्वतः छापून ही वाट मळविली होती. वेंडी पिनी यांच्या रेषेंत जपानी वळण स्पष्ट आहे, आणि तिचें मुलींना आकर्षण अगदीं आरंभापासून होतें. पुढें १९९२ सालीं मार्व्हल कंपनींतून बाहेर पडलेल्या सात चित्रकारांनीं ‘इमेज’ ही संस्था काढली. तेथें कथेची मालकी कर्त्याकडे राहते. रॉबर्ट कर्कमन यांची ‘इन्व्हिन्सिबल’ तेथेंच १४४ अंकांत २०१८ सालीं पुरी झाली. तिचा नायक मुखवट्याचा वीरच आहे. पण तो वयानें वाढतो, चुकतो, संसार करतो, आणि त्याची गोष्ट संपते. त्यांचीच ‘वॉकिंग डेड’ १९३ व्या अंकाला, वाचकांना आगाऊ सुगावाहि न लागूं देतां, २०१९ सालीं समाप्त झाली. दोन्ही कथा रक्तपाताच्या आहेत. मार्जोरी लिऊ आणि जपानी चित्रकर्ती साना ताकेदा यांची ‘मॉन्स्ट्रेस’ दिसावयास रेशमी वस्त्रासारखी सुंदर, परंतु आंतून तीहि क्रूर. चित्र गोजिरवाणें दिसलें म्हणून पुस्तक बालकाचें, हा ग्रह घरांतील वडिलांनीं सोडून द्यावा. विकत घेण्यापूर्वीं मधलीं दहा पानें चाळावीं.

कॅनडाचे ब्रायन ली ओमॅली यांची ‘स्कॉट पिलग्रिम’ अमेरिकन प्रकाशकानें २००४ ते २०१० मध्यें सहा लहान, काळ्या-पांढऱ्या खंडांत काढली. तिचा आकारच जपानी पुस्तकाचा आहे. रिकामटेंकड्या तरुणाची ही प्रेमकथा प्रौढ वाचकाला प्रथम उथळ वाटेल. तिसऱ्या खंडापर्यंत धीर धरल्यास तसें वाटत नाहीं.

मुखवट्याच्या वीराचाच मांगाच्या वाचकाला कंटाळा आहे, असें मात्र नव्हे. कोहेई होरिकोशी यांनीं अमेरिकन वीर जपानांत नेऊन ‘माय हीरो अॅकॅडेमिया’ ही कथा २०१४ सालीं सुरू केली, आणि तिच्यावर जगभरच्या मुलांनीं जीव टाकला. २०२४ सालीं त्यांनीं ती संपविली.

आरंभ कोठून करावा असें कोणीं विचारल्यास लहान मुलें असलेल्या घरानें ‘बोन’पासून करावा. ती दोन रूपांत आहे. २००५ पासून स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेनें काढलेले नऊ रंगीत खंड सुटसुटीत आहेत आणि दहा वर्षांच्या मुलाला तेच आवडतील. दुसरें रूप म्हणजे सबंध कथेचें एकच काळें-पांढरें पुस्तक. स्मिथ यांनीं मूळ रेखाटन केलें तें रंगावांचूनच, आणि रात्रीच्या प्रसंगांतील त्यांच्या काळ्या शाईची खोली रंगाखालीं थोडी झांकली जाते. म्हणून मांगाची संवय झालेल्या डोळ्यांनीं हेंच घ्यावें. मात्र तें अंथरुणावर उताणें पडून वाचण्याजोगें नाहीं. पानें तेराशेंहून अधिक आहेत, आणि वाचतां वाचतां झोंप लागली तर पुस्तक नाकावर पडतें.